दुधाचा सातबारा

श्रावणातला दुसरा सोमवार होता. त्या दिवशी मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी असते, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी उपास केलेला नाही अशा मुलीसुद्धा कडक उपास धरतात. खिचडीच्या रांगेत उभ्या असताना माझी रूममेट सहज म्हणाली, "आत्ता आमच्या घरी कहाणी वाचत असतील." मी विचारलं, "कसली कहाणी?" झालं! रांगेतल्या चार-पाच जणींनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, जणू थर्ड इयरला येऊन मी ओहमचा नियम म्हणजे काय असं विचारलं होतं.

वाचकहो, यात माझा फारसा दोष नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. नोहाची नौका, डेव्हिड आणि गोलायथ, उधळ्या पुत्राची गोष्ट, हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगता येईल. आजोळी आम्ही जायचो ते मे महिन्यात, आंबे खायला. श्रावणात कधीच नाही, कारण श्रावणात युनिट टेस्ट असायची. त्यामुळे श्रावणातल्या कहाण्या माझ्या वाट्याला आल्याच नाहीत. त्या रात्री रूममेटनं कॉटवर मांडी घालून मला सोमवारची खुलभर दुधाची कहाणी सांगितली. ज्यांना माहीत नाही (माझ्यासारखे आणखी असणारच, फक्त कबूल करत नाहीत) त्यांच्यासाठी ती माझ्या शब्दांत सांगते.

आटपाट नगर होतं. तिथल्या राजाच्या मनात आलं की महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. आता एवढं दूध आणायचं कुठून? प्रधानानं युक्ती काढली. दवंडी पिटली की सोमवारी गावातलं सगळं दूध देवळात आलं पाहिजे, घरात कुणी थेंबभरही ठेवायचं नाही. राजाचा हुकूम! लोक घाबरले. कुणी वासराला पाजलं नाही, कुणी पोराच्या तोंडाला दूध लावलं नाही. घागरीच्या घागरी देवळात रित्या झाल्या, पण गाभारा काही भरला नाही.

दुपारी एक म्हातारी आली. तिनं सकाळपासून घरचं सगळं आवरलं होतं. पोराबाळांना खायला-प्यायला घातलं, लेकीसुनांकडे बघितलं, गाईवासरांना चारा घातला, आणि मग उरलेलं खुलभर, म्हणजे एका लहानशा भांड्यात मावेल एवढं दूध, चार तांदूळ, बेलाची पानं आणि फुलं घेऊन ती देवळात गेली. देवाला म्हणाली, राजानं एवढं दूध घातलं तरी तुझा गाभारा भरला नाही, तो माझ्या एवढ्याशा दुधानं थोडाच भरणार आहे, पण मनापासून वाहते आहे. तिनं दूध वाहिलं, पाठ फिरवली, आणि गाभारा भरून आला. हे पाहिलं फक्त गुरवानं. त्यानं राजाला सांगितलं. पुढच्या सोमवारी राजानं पहारा बसवला, तरी तोच प्रकार. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः येऊन बसला आणि म्हातारीला धरलं. म्हातारीनं आधी अभय मागून घेतलं. मग सांगितलं, की तुझ्या हुकुमामुळे वासरांचे आणि पोरांचे जीव तळमळले, मोठ्या माणसांची हाय लागली, असलं दूध देवाला चालत नाही. उपाय काय, तर आधी वासरांना पिऊ दे, मुलांना पिऊ दे, घरातली माणसं तृप्त होऊ देत, आणि राहिलेलं दूध देवाला. राजानं तशी दवंडी पिटली. पुढच्या सोमवारी गाभारा भरला.

गोष्ट संपली आणि आमच्यातलं इंजिनिअर जागं झालं. बाजूच्या खोलीतल्या सिव्हिलच्या दोघी आधीच येऊन बसल्या होत्या. आठ फूट लांब, आठ फूट रुंद, आठ फूट उंच असा गाभारा धरला, तर ५१२ घनफूट, म्हणजे साधारण साडेचौदा हजार लिटर. गावठी गाय दिवसाला तीन लिटर दूध देते असं धरलं तर जवळजवळ पाच हजार गाई लागतील. आटपाट नगरात एवढ्या गाई होत्या का, हा पहिला आक्षेप. दुसरा आक्षेप असा, की गाभाऱ्याला दार असतं आणि उंबऱ्याच्या वर दूध चढणारच कसं? त्यावर डोंबिवलीची एक जण म्हणाली, "तू अंबरनाथचं देऊळ बघितलं नाहीस का? तिथे गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. तो भरेल." (हे खरं आहे. १०६० सालचा शिलालेख असलेलं हे शिवमंदिर आहे, आणि त्याचा गाभारा जमिनीच्या पातळीपेक्षा बराच खाली आहे.) मग तिसरा आणि सगळ्यात भारी आक्षेप आला: गोमुखाचं काय? अभिषेकाचं पाणी बाहेर जायला वाट ठेवलेली असते. दोन इंचाचं भोक धरलं, तर आठ फूट दूध साठल्यावर त्यातून सेकंदाला साधारण आठ लिटर दूध बाहेर पडणार. म्हणजे राजा घागरी ओततोय आणि मागच्या बाजूनं ओहोळ वाहतोय! फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात याहून बरा प्रश्न मी पाहिलेला नाही. रात्री दीड वाजता रेक्टर मॅडमनी दार वाजवलं तेव्हा कुठे आम्ही गप्प झालो.

पण मला झोप आली नाही. गणित बरोबर होतं, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. असं कुणीतरी, कधीतरी, बायकांना मांडी घालून बसवून, हातात अक्षता देऊन, दर श्रावणात पुन्हा पुन्हा का सांगत राहिलं असेल? गाभारा भरतो की नाही हे सांगायला तर नक्कीच नाही.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेले. आमच्या लायब्ररीत मराठीचं एकच कपाट आहे आणि त्याची किल्ली बहुतेक वेळा सापडत नाही. पण ह्युमॅनिटीजच्या विषयासाठी घेतलेल्या पुस्तकांत ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की नावाच्या मानवशास्त्रज्ञाबद्दल वाचायला मिळालं. हा माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर जाऊन तिथल्या लोकांमध्ये राहिला. त्याच्या आधीचे बरेच विद्वान असं मानत होते, की आदिवासींच्या कथा म्हणजे त्यांचं कच्चं विज्ञान: पाऊस का पडतो, चंद्र का कमी होतो वगैरेची बाळबोध उत्तरं. मॅलिनोव्स्कीनं १९२६ सालच्या पुस्तकात म्हटलं की तसं नाही. मिथक ही त्या समाजाची सनद असते. कोण कुठे राहणार, कुणाचा मान मोठा, कुणाचा हक्क कशावर, हे त्या कथेनं पक्कं झालेलं असतं. ट्रोब्रिअँड बेटांवर प्रत्येक कुळाचा पूर्वज जमिनीतल्या एखाद्या विशिष्ट भोकातून वर आला अशी कथा असते, आणि तो जिथून वर आला तिथल्या जमिनीवर त्या कुळाचा हक्क.

हे वाचल्यावर मला एकदम मामा आठवला. हा तर सातबारा झाला! जमीन कुणाची, कसतं कोण, बोजा कुणाचा, सगळं एका कागदावर. फक्त त्या बेटावर तलाठी नव्हता म्हणून ते गोष्टीत लिहून ठेवलं.

मग त्याच नजरेनं मी खुलभर दुधाच्या कहाणीकडे पाहिलं. ही कुणाची सनद आहे? राजाची तर नाहीच, राजा यात चुकतो. भटजीची नाही, तो गोष्टीत येतसुद्धा नाही. देवाचीही म्हणता येत नाही, कारण देवाचा नंबर शेवटून पहिला लागतो. हा दुधाचा सातबारा आहे, आणि त्यावर पहिलं नाव वासराचं आहे. दुसरं पोराचं. मग घरातल्या मोठ्यांचं. सगळ्यात शेवटी, जे उरेल त्यावर, महादेवाचं.

हा क्रम किती वेगळा आहे ते बघा. एरवी आपल्या घरांत आधी देवाला नैवेद्य आणि मग आपली पानं. लहान पोरानं नैवेद्याआधी लाडू उचलला तर हातावर चापट बसते. आणि इथे त्याच घरांतल्या बायका, त्याच देवासमोर बसून, उलटा क्रम सांगतात आणि वर देवाला तो पसंत आहे असंही सांगतात! मला यात थोडा लबाडपणाही दिसतो, पण चांगला लबाडपणा. जे तोंडावर सांगता येत नाही ते कहाणीत घालून सांगायचं.

वासरू पहिलं का, याचं उत्तर मला आजीनं फोनवर दिलं. मी तिला विचारलं तर ती आधी हसलीच. म्हणाली, "अगं, वासरू पुढे आल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही. वासराचंच दूध असतं ते, आपण मधे हात घालतो." पुढे तिनं सांगितलं ते असं. गावठी गाईची धार काढायची तर आधी वासरू सोडतात. त्यानं दोन-चार ढुशा दिल्या की पान्हा येतो. मग वासराला बाजूला बांधून धार काढतात, आणि एक सड वासरासाठी सोडतात. वासरू मेलं तर गाय आटते. पूर्वी अशा वेळी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभं करायचे, म्हणजे ती चाटायची आणि पान्हा सोडायची. (हे ऐकून मला कसंतरीच झालं.) विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर वासराच्या स्पर्शानं आणि वासानं ऑक्सिटोसिन नावाचं हॉर्मोन सुटतं आणि दूध सडात उतरतं. जर्सी, होल्स्टीनसारख्या विलायती गाई वासराशिवायही दूध देतात, पण आटपाट नगरात जर्सी नव्हत्या.

आता राजाचा हुकूम पुन्हा वाचा. सगळं दूध देवळात. म्हणजे आज वासरं उपाशी. असे चार सोमवार गेले की वासरं मरायला लागतील. वासरं मेली की गाई आटतील. मग गाभाऱ्यात काय घालणार? म्हातारीनं ज्याला हाय म्हटलं त्याच्यामागे हा सरळ हिशोब होता, आणि तो तिला कुठल्या कोर्समध्ये शिकावा लागला नव्हता.

तरी फक्त हिशोब म्हणून त्याच्याकडे बघावं असं मला वाटत नाही. कारण कहाणीतला खरा शब्द आहे तळमळणं. मराठीत याच घराण्यातला दुसरा शब्द आहे, तळतळाट. मला त्याला इंग्रजी शब्द सापडेना. शाप म्हणावं तर शाप द्यायला ऋषी लागतो, कमंडलू लागतो, पाणी लागतं. तळतळाट द्यायला काहीच लागत नाही. जो काही बोलू शकत नाही त्याचाच तो लागतो: वासराचा, पोराचा, गड्याचा, घरातल्या सुनेचा. माझ्या आजीच्या तोंडी "कुणाचा तळतळाट घेऊ नये" हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी येतं, भाजीवालीशी फार घासाघीस केली की तर हमखास. ज्या लोकांनी ही कहाणी रचली त्यांच्याकडे कोर्ट नव्हतं, युनियन नव्हती, गरिबाच्या बाजूनं उभं राहील असं फारसं काही नव्हतं. त्यांनी तळतळाट नावाची गोष्ट मानली, आणि तिला एवढी ताकद दिली की तिच्यापुढे राजाच्या शेकडो घागरी फुकट गेल्या.

अशा कहाण्या आणखी आहेत. दिव्यांच्या अवसेची कहाणी घ्या (हो, तीच अवस, जिला बॉइज हॉस्टेल गटारी म्हणून ओळखतं). त्यात सून स्वतः खाऊ खाते आणि आळ घरातल्या उंदरांवर घालते. उंदीर चिडतात आणि तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकतात. मग तिच्यावर खोटा आळ येतो आणि तिला घराबाहेर काढतात. म्हणजे खोटा आळ घ्यायचा नाही, उंदरावरसुद्धा! शुक्रवारच्या कहाणीत श्रीमंत भाऊ गरीब बहिणीला जेवणाच्या पंगतीतून उठवतो. पुढे ती श्रीमंत होते, तेव्हा तोच भाऊ तिला आग्रहानं बोलावतो. ती पाटावर बसते, अंगावरचे दागिने काढून मांडते आणि एकेका दागिन्यावर एकेक पदार्थ ठेवत जाते, कारण बोलावणं तिला नव्हतंच, दागिन्यांना होतं. ही गोष्ट ऐकताना आमची मेसची मावशी पोळ्या लाटायची थांबली होती. तिला ती पाठ होती, तरी थांबली.

आता कॉन्व्हेंटकडे वळते, कारण खुलभर दुधाची कहाणी ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट वाजायला लागली होती. मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टर आम्हाला गरीब विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट सांगायच्या. मार्क आणि लूक या दोघांच्या शुभवर्तमानात ती आहे. जेरुसलेमच्या मंदिरात श्रीमंत लोक दानपेटीत भरपूर पैसे टाकत असतात. एक विधवा येते आणि दोन अगदी क्षुल्लक नाणी टाकते. येशू शिष्यांना सांगतो, की हिनं सगळ्यांहून जास्त दिलं, कारण बाकीच्यांनी आपल्याजवळच्या जास्तीतून दिलं आणि हिनं होतं नव्हतं ते सगळं दिलं.

मी रूममेटला म्हटलं, "ही तर तीच गोष्ट आहे!" तिकडे विधवा, इकडे म्हातारी. तिकडे श्रीमंत, इकडे राजा. मोठं दान लहान ठरतं, लहान दान मोठं ठरतं. दोन दिवस मी याच आनंदात होते, आणि हा लेखसुद्धा तसाच लिहायला घेतला होता, सर्व धर्म एकच शिकवतात वगैरे. मग लिहिताना लक्षात आलं की ही तीच गोष्ट नाही. विधवेनं सगळं दिलं. म्हातारीनं मुळीच सगळं दिलं नाही! तिनं घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं दिलं. विधवेच्या गोष्टीच्या मापानं मोजलं तर म्हातारी नापास होते, आणि म्हातारीच्या मापानं विचारायचं तर त्या विधवेला विचारावं लागेल, की बाई गं, घरी पोरं आहेत का? त्यांनी आज काय खाल्लं?

सगळं देऊन टाकण्याची थोरवी आपल्याकडेही आहेच. स्वतःच्या मांडीचं मांस कापून देणारा शिबी राजा आहे, पोटच्या चिलयाला देणारी चांगुणा आहे. पण कहाण्या सांगणाऱ्या बायकांनी ती वाट धरली नाही असं दिसतं. सगळं देऊन टाकणं त्यांना परवडत नव्हतं, कारण त्यांच्या हातात जे होतं ते त्यांचं एकटीचं नव्हतंच. त्यात वासराचा आणि पोराचा वाटा होता. दुसऱ्याच्या वाट्याचं देवाला दिलं तर त्याला दान म्हणायचं का? मला वाटतं हा प्रश्न फक्त तीच बाई विचारू शकते जिला रोज दहा तोंडांत दूध वाटायचं असतं.

सिस्टरांवर अन्याय नको म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. त्या गोष्टीचा पाठ मी आता पुन्हा काढून वाचला. विधवेच्या प्रसंगाच्या अगदी आधी येशू मोठमोठे झगे घालून मिरवणाऱ्या शास्त्र्यांवर टीका करतो, की हे लोक विधवांची घरं गिळतात. आणि लगेच नंतर, शिष्य मंदिराच्या मोठाल्या दगडांचं कौतुक करतात, तेव्हा तो सांगतो की यातला दगडावर दगड राहणार नाही. मधे ती विधवा. मग तो तिचं कौतुक करत होता, की जे मंदिर तिच्या शेवटच्या दोन नाण्यांवर उभं आहे त्याच्याबद्दल हळहळत होता? बायबलच्या काही अभ्यासकांनी हा प्रश्न विचारला आहे. तसं वाचलं तर विधवा आणि म्हातारी शेजारी शेजारी येऊन बसतात. आमच्या मॉरल सायन्सच्या पुस्तकात गोष्ट आधीपासून आणि नंतरपासून तोडून छापली होती. कहाण्यांच्या पुस्तकांतही कोण काय तोडतं, कुणास ठाऊक.

आता कडू भाग. मिथकांत समाजाची मूल्यं दिसतात असं म्हटलं की आपण फक्त गोड मूल्यं वेचतो. पण आरसा आहे तर पुटकुळ्याही दिसणार. ऋषिपंचमीच्या कहाणीत एक बाई पाळीच्या दिवसांत घरात वावरली, विटाळ कालवला, म्हणून पुढच्या जन्मी कुत्री झाली, आणि नवरा बैल झाला. दोघंही आपल्याच मुलाच्या दारात! मुलाच्या घरी श्राद्ध असतं. खिरीच्या भांड्यात साप गरळ टाकतो हे कुत्री बघते, आणि सगळ्यांचा जीव वाचावा म्हणून भांड्याला तोंड लावते. सून तिला जळत्या लाकडानं मारते. बैल दिवसभर राबून उपाशी उभा असतो. रात्री दोघं एकमेकांना आपलं दुःख सांगतात, आणि मुलगा ते ऐकतो.

हे वाचून माझं डोकं फिरलं. वीस वर्षांच्या मुलीनं हे हात जोडून ऐकायचं? हॉस्टेलच्या एका विंगमध्ये शंभरएक मुली राहतात, सगळ्या मिळून रोज कितींदा "विटाळ" कालवतात याचा हिशोब केला तर कुत्र्यांना शहर पुरणार नाही. हे मूल्य होतं, त्या समाजानं ते जपलं, आणि बाईच्या तोंडूनच बाईला सांगितलं. याच्यावर कितीही सुंदर अर्थाचा मुलामा चढवला तरी ते झाकत नाही, आणि झाकूही नये.

पण गंमत अशी की त्याच ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा नेम आहे. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य चालत नाही. परसात, वाफ्यात हातानं लावलेलं चालतं, म्हणून ती सगळ्या भाज्यांची मिसळ, ऋषीची भाजी. वर्षातून एक दिवस का होईना, आपल्या पानातल्या भाकरीत बैलाचा घाम आहे हे आठवायचं. एकाच कहाणीत बाईवर एवढा अन्याय आणि मुक्या जनावराबद्दल एवढी माया! दोन्ही एकाच घरातून आलेलं आहे. मला अजून ते नीट जुळवता आलेलं नाही, आणि ज्या सरांना मी विचारलं त्यांनाही जुळवता आलं नाही.

राजाच्या बाजूनंही थोडं बोललं पाहिजे. तो दुष्ट नव्हता, त्याला काही स्वतःला दूध प्यायचं नव्हतं. आणि गाभारा भरणं हा निव्वळ लहरीपणा असेल असंही वाटत नाही. पाऊस ओढ देतो तेव्हा आपल्याकडे अजूनही काही गावांत महादेवाची पिंड पाण्यात बुडवून ठेवतात. देव पाण्यात घालून बसणं हा वाक्प्रचार काही उगीच आलेला नाही. कदाचित राजालाही कसली तरी काळजी असेल, कहाणी ते सांगत नाही. पण चांगल्या हेतूनं, देवाच्या नावानं, सगळ्यांकडून सक्तीनं घेतलं की काय होतं ते मात्र सांगते. आणि म्हातारी बोलते कधी, तर अभय मिळाल्यावर. वरच्या माणसाला खरं सांगायचं असेल तर आधी सांगणाऱ्याला अभय लागतं, हेही त्या लोकांना पक्कं माहीत होतं. (आमच्या फीडबॅक फॉर्मवर नाव लिहायची जागा असते. असो.)

हा लेख इथेच संपवून संपादकांकडे दिला असता. पण मधे चार दिवस सुट्टी मिळाली आणि मी पहिल्यांदाच श्रावणात आजोळी गेले.

मामाकडे आता पाच गाई आहेत, सगळ्या संकरित. पहाटे आणि संध्याकाळी दूध डेअरीवर जातं. घरात चहापुरतं राहतं. मामाचा धाकटा, सहा वर्षांचा, चहात बिस्कीट बुडवून खातो. गोठ्याच्या कोपऱ्यात एक गोऱ्हा बांधलेला होता, वीस दिवसांचा, बरगड्या मोजता येतील असा. कालवड असती तर तिला बाटलीनं पाजलं असतं. गोऱ्ह्याला पाजत नाहीत. मी आजीकडे पाहिलं. ती गोष्ट सांगणारी माझी आजी पाटावर बसून वाती वळत होती आणि तिनं मान वर केली नाही.

मी मामाला कहाणी ऐकवली. त्याला ती माझ्याहून चांगली येत होती. तो रागावला नाही. म्हणाला, "तू इंजिनिअर ना? कर हिशोब." मग त्यानं सांगितलं आणि मी कागदावर मांडलं. गोऱ्ह्याचं वजन तीस किलो. वजनाच्या दहा टक्के, म्हणजे दिवसाला तीन लिटर दूध. तीन महिने पाजायचं तर २७० लिटर. मामाला लिटरला तीस रुपये पडतात, म्हणजे ८१०० रुपये. बदल्यात काय? शेतीला आता ट्रॅक्टर आहे, संकरित बैलाला कुणी विचारत नाही. २०१५ सालापासून महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा आहे, त्यामुळे तो कापायला विकता येत नाही, आणि सांभाळायला घेणारा कुणी नाही. पेंडीचा भाव मामानं वेगळा सांगितला. डेअरीतून घेतलेली उचल वेगळी. सातबाऱ्यावर जसा इतर हक्कांत बँकेचा बोजा असतो तसा दुधावर हा बोजा, आणि तो सगळ्यात आधी फेडावा लागतो.

२०१७ च्या जून महिन्यात शेतकऱ्यांचा संप झाला होता, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यापासून त्याची सुरुवात झाली. तेव्हा रस्त्यावर दूध ओतल्याचे फोटो पेपरात आले होते. मी शाळेत होते, आणि एवढं दूध वाया घालवतात म्हणून आमच्या वर्गात सगळ्यांना फार वाईट वाटलं होतं. मामा त्या दिवशी दोन कॅन घेऊन गेला होता. "घरातल्या पोरांना त्या दिवशी पोटभर दूध मिळालं," मामी म्हणाली, "डेअरी बंद होती ना."

निघायच्या दिवशी सकाळी मामा म्हणाला, "तुझ्या त्या म्हातारीला विचार, राजा असता तर त्याला सांगितलं असतं. मी कुणाकडे अभय मागू?" मी बसमध्ये हिशोबाचा कागद पुन्हा काढला. गोऱ्ह्याला महिनाभर दूध आणि मग हळूहळू पेज दिली तर आकडा किती खाली येतो ते बघत होते. येतो, पण शून्यावर येत नाही. हॉस्टेलवर पोचल्यावर सिव्हिलच्या दोघींना तो कागद दाखवला. या वेळी गोमुखाचा विषय कुणी काढला नाही. एकीनं विचारलं, "अजून जिवंत आहे ना तो?"

काल आजीला फोन केला होता. आहे म्हणाली. संध्याकाळची धार काढताना ती स्वतः जाऊन बसते गोठ्यात, मामाला दिसेल अशी.